पाणथळीतलं पत्र्याचं घर

"हे घर कुणाचं?"

राजधानीतून, लुसाकाहून मलेरियाच्या कामासाठी आलेल्या दालिसो जेरेने हातातला टॅब माझ्या मांडीवर ठेवला. आम्ही दवाखान्याच्या ओट्यावर बसलो होतो, मी, तो आणि सिस्टर न्गांडवे. ऑक्टोबरचं ऊन होतं आणि ओटासुद्धा तापला होता.

टॅबवर आमचं गाव होतं, वरून काढलेलं. चिटोंगो गाव मी साठ वर्षं बघत आलो, पण वरून कधी बघितलं नव्हतं. चर्च, शाळा, आंब्यांची रांग, पंप. प्रत्येक छपरावर एक छोटा निळा चौकोन. माझ्या घरावरही होता, चौदा नंबरच्या. शेजारी स्वयंपाकाची झोपडी होती, तिच्यावर नव्हता. मी बघत राहिलो. अंगणातली पेरूची सावलीसुद्धा दिसत होती.

"गाव नाही विचारत. हे खालचं," दालिसो म्हणाला आणि त्याने बोटाने चित्र सरकवलं. गावाच्या दक्षिणेला, चांबेशी नदीकडे पाणथळ लागते. तिथे सगळा लाल रंग होता. त्या लालात एकच निळा चौकोन होता, एकटा.

"तिथे घर नाही," मी म्हणालो.

"यंत्र म्हणतंय आहे. पत्र्याचं."

सिस्टर हसल्या. "पाणथळीत पत्रा कोण नेणार, पाणघोडा?"

हे चौकोन कुणी काढले, असं मी विचारलं. दालिसो म्हणाला, माणसाने काढलेले नाहीत. लुसाकात बसून त्यांनी यंत्राला हजारो चित्रं दाखवली, हे छप्पर, हे छप्पर नाही, असं सांगत. लहान मुलाला गाय दाखवतात तसं. मग पुढची चित्रं त्याची त्याने बघितली आणि सगळ्या देशातली घरं शोधली.

"आणि हा लाल रंग?"

"तेही त्याचंच. पाऊस किती, ऊन किती, जमीन कुठे उतरते, पाणी कुठे थांबतं, आणि तुमच्या दवाखान्यांनी कळवलेले तापाचे आकडे. हे सगळं त्याला दिलं. त्यावरून ते अंदाज करतं की मलेरिया कुठे असायला हवा."

"ते इथे येऊन गेलं का?"

"कोण?"

"यंत्र."

दालिसोने माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करत नव्हतो. "नाही मुक्वाई," तो आदराने म्हणाला. "ते कुठेच जात नाही."

फवारणीची माणसं आणि औषध पुढच्या आठवड्यात येणार होतं. लाल रंगात जिथे निळा चौकोन, तिथे फवारणी, असा नियम होता. चौकोन नसेल तर लाल असला तरी तिथे कुणी जाणार नव्हतं. नुसत्या गवताला कोण फवारणार? यादी शुक्रवारी बंद होणार होती. त्या आधी दालिसोला शंकेचे चौकोन स्वतः बघून ठेवायचे किंवा पुसायचे होते. आमच्याकडे असा एकच होता.

"उद्या बाशीकासुबा तुम्हाला घेऊन जातील," सिस्टर म्हणाल्या. "नऊ वर्षं ते गावातला ताप बघतायत. अख्ख्या विभागात त्यांच्यासारखी वही कुणाची नाही. एका रोग्यालाही घर नंबर नाही, असं झालेलं नाही."

बाशीकासुबा म्हणजे कासुबाचा बाप. माझी थोरली मुलगी कासुबा. आमच्यात पहिल्या मुलाच्या नावानेच आईबापांना हाक मारतात. माझी बायको बानाकासुबा. मला बढती मिळावी तसं सिस्टर बोलत होत्या, आणि मी खाली बघत होतो. त्या पाणथळीत मी दीड वर्ष गेलो नव्हतो.

नावावरून दालिसोला काहीतरी सुचलं. "तुम्ही बेम्बा ना?"

"हो. आणि जेरे म्हणजे न्गोनी. चिपाटाकडचे."

"मग पिशवी जवळ घेतो," तो म्हणाला आणि त्याने खरंच पिशवी ओढून घेतली.

"राहू दे. तुझ्या पिशवीत उंदरांशिवाय काय असणार?"

"उंदीर होते. वाटेत एक बेम्बा भेटला, त्याने माकडाच्या तंगडीवर बदलून घेतले."

सिस्टर पोट धरून हसल्या. तेव्हापासून आमचं अरेतुरे सुरू झालं. आमच्या पणजोबांनी एकमेकांना भाले मारले होते. त्यामुळे आता बेम्बा आणि न्गोनी एकमेकांना वाटेल ते बोलू शकतात आणि समोरच्याने रागवायचं नसतं. मयताच्या घरी तर ते कामच असतं. न्गोनी येतो, मेलेल्याची टिंगल करतो, खणलेल्या खड्ड्यात जाऊन बसतो, आणि हातावर काही ठेवल्याशिवाय उठत नाही. रडणारी माणसं रडता रडता हसतात. बानाकासुबा गेली तेव्हा गावात न्गोनी नव्हता. शाळेत एक मास्तर होते, त्यांची बदली झालेली. तिच्या मयतीला कुणीच हसलं नाही.

त्या संध्याकाळी कासुबाने उब्वाली, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा घट्ट गोळा, आणि कसाव्याच्या पानांची भाजी वाढली. गुडघ्यावर बसून हात धुवायला पाणी दिलं. तिची चिसेंगा तीन वर्षांची, ती माझ्या पाठीवर चढत होती.

"टाता, पहिला पाऊस पडला की मी मितांड्यावर जाते," कासुबा म्हणाली. "नाचणी पेरायची म्हणजे आताच झोपडी नीट करायला हवी. डुकरांनी गेल्या वर्षी अर्धं खाल्लं."

मितांडा म्हणजे शेतावरच्या झोपड्या. घर गावात असतं, पण पेरणीपासून कापणीपर्यंत माणसं शेतातच झोपतात. नाही झोपली तर डुकरं आणि माकडं काही ठेवत नाहीत. बायकाच जास्त जातात, लहान मुलं पाठीला बांधून.

"चिसेंगाला ठेव इथे," मी म्हणालो.

"आणि पाजू कुणाला, डुकरांना? आई नव्हती का मला घेऊन जात?"

मी आत बघितलं. आतल्या खोलीत पलंगावर मच्छरदाणी टांगलेली दिसत होती. पलंगावर कुणी झोपत नव्हतं. मी बाहेर चटईवर झोपायचो.

सकाळी आम्ही सायकली घेऊन निघालो. दालिसोला सायकलची सवय नव्हती. वाळूत दोनदा पडला.

"तुमच्या राजाने आम्हाला हरवलं नसतं तर ही वाळू आमची असती," तो म्हणाला.

"ने की. पिशवी भरून ने."

गाव मागे पडलं तशी जमीन उतरायला लागली. गवत वाळून पिवळं पडलं होतं, पण बुंध्याशी हिरवं होतं. खाली ओल कधी सुटत नाही. पावसाळ्यात इथे घोट्याएवढं पाणी असतं आणि उंचवट्यांवर नाचणी. वाटेत दोनतीन झोपड्या लागल्या, मोडक्या, गेल्या हंगामातल्या. गवताच्या, कमरेएवढ्या. दालिसो टॅबकडे बघत चालला होता, त्याचं लक्ष गेलं नाही. गेलं असतं तरी त्याला ते गवताचे ढीग वाटले असते. यंत्रालाही तसंच वाटलं होतं.

"एक गोष्ट सांगू?" तो म्हणाला. "तुझं गाव आम्हाला छळतंय."

"म्हणजे?"

"उंचावर आहे. दरवर्षी फवारतात. मच्छरदाण्या घरोघरी. तपासणीच्या दिवशी मोजल्या तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव टांगलेल्या. आणि मार्च-एप्रिलला ताप एवढा, जणू काही केलंच नाही. यंत्राला आकडे दिले की ते गावाला फिकट रंग देतं आणि ही पाणथळ लाल करतं. आम्ही म्हटलं, अरे, ताप गावात आहे, घर नंबर आहेत. ते ऐकत नाही. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. जणू म्हणतंय, हे आकडे या घरांचे नाहीत."

मी सायकलवरून उतरलो. साखळी नीट केली. साखळीला काही झालं नव्हतं.

नऊ वर्षं सगळ्यांनी माझी वही वाचली. सिस्टरांनी, जिल्ह्याच्या साहेबांनी, एकदा परदेशी पाहुण्यांनी. सगळे वा म्हणाले. ती खरी नाही हे फक्त त्यालाच कळलं, ज्याने मला कधी बघितलंही नव्हतं. मला भीती वाटली, आणि भीतीच्या खाली आणखी काहीतरी. लहानपणी पहिल्यांदा ग्रहण बघितलं होतं तेव्हा भर दुपारी कोंबड्या झाडावर चढल्या होत्या. तसं वाटलं.

"चल," दालिसो म्हणाला. "अजून तीनशे पावलं."

मला पावलं मोजायची गरज नव्हती. कुठे चाललोय ते मला ओढा ओलांडतानाच कळलं होतं. तिथे एक मुसुकु फळाचं झाड आहे आणि झाडापुढे एक सपाट खडक. काळा, खोलीएवढा. दालिसो खडकावर उभा राहिला, टॅब बघितला, खाली बघितलं, पाय आपटला.

"हे घ्या. पत्र्याचं घर." तो हसला. "दगड ओला असेल, ऊन चमकलं असेल. यंत्र फसलं. दोन तास सायकल हाणली दगडासाठी."

झाडाखाली झोपडी होती. खाली बसलेली, छप्पर सडलेलं, वाळवी लागलेली. त्याने तिकडे बघितलं नाही. तिच्या दाराला मी चामड्याचं बिजागर लावलं होतं. ते अजून होतं.

"पुसतो," तो म्हणाला. बोट टॅबवर होतं.

"चित्र कधीचं आहे?"

"गेल्या वर्षीचं. इथे सारखे ढग. त्या हंगामातलं एवढं एकच स्वच्छ मिळालं." त्याने वाचलं. "एकोणीस एप्रिल."

"मोठं कर."

त्याने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. काळ्या खडकावर पांढरा चौकोन होता, चारी बाजू सरळ. एका बाजूला खडकाची काळी पट्टी सोडलेली, पाऊल ठेवण्याएवढी. उजव्या हाताचा खालचा कोपरा तेवढा कापल्यासारखा.

बाकीच्या बायका कसावा कसाही पसरतात. पाण्यात चार दिवस कंद भिजवला, सोलून पांढरा केला, फोडला, दिला फेकून उन्हात. बानाकासुबा तसं करायची नाही. कुदळीचा दांडा लावून कडा सरळ करायची. मी हसायचो. म्हणायचो, कसावा आहे की कपाट? ती म्हणायची, चौकोनात असला की हात मारताना कळतं, कुठला उलटलाय आणि कुठला नाही. उभं राहायला एक पट्टी सोडायची. आणि उजव्या हाताच्या कोपऱ्यावर टोपली ठेवायची.

एकोणीस एप्रिलला टोपली तिथेच होती. ती झोपडीत असेल, किंवा ओढ्यावर, किंवा झाडाखाली. सावलीतलं काही दिसत नव्हतं. पण त्या दिवशी तिने कसावा पसरला होता, म्हणजे उभी राहू शकत होती. वर कितीतरी उंचावरून काहीतरी गेलं आणि त्याने ते बघितलं. मी बघितलं नाही. मी गावात होतो, वही लिहीत.

"अरे बेम्बा," दालिसो म्हणाला. "ऊन लागलं का तुला?"

"पुसू नको."

"दगड आहे रे. दगडावर काय फवारू?"

"पुसलास तर या लाल भागात काही राहील का?"

"काहीच नाही. एवढंच तर होतं."

कासुबा पावसाआधी झोपडी नीट करायला येणार होती. याच झाडाखाली. इथे सावली आहे, पाणी जवळ आहे, खडक आहे. आईने निवडलेली जागा.

मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं.

तो दगड नव्हे, कसावा आहे. माझ्या बायकोचा. ती इथे राहायची, नोव्हेंबर ते मे. सगळे राहतात. अख्खा गाव हंगामात इथे झोपतो. तापाने माणूस माझ्याकडे आला की मी बोटातून थेंब काढायचो, पट्टीवर दोन रेघा आल्या की गोळ्या द्यायचो आणि वहीत घर नंबर लिहायचो. गावातला. फोनवरून आकडे पाठवताना घर नंबर नसेल तर फोन घेतच नाही. पहिल्या वर्षी मी विचारायचो, कुठे झोपला होतास? मग त्याचं काय करायचं ते कळेना. विचारायचं सोडलं. वही सुंदर दिसायला लागली.

"आणि मच्छरदाणी?" दालिसोने विचारलं. आता तो हसत नव्हता.

"ती म्हणाली होती, एक घेऊन जाऊ का. मी नको म्हणालो. घरची मच्छरदाणी घरात दिसायला हवी. तपासणी येते. ताप बघणाऱ्याच्याच घरात रिकामा पलंग दिसला तर गाव काय म्हणेल? ती म्हणाली, बरं. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मी नाचणी बघायला आलो तर ती चार दिवस पडून होती. थेंब मीच काढला. दोन रेघा आल्या. सायकलवर बांधून नेलं. दवाखान्याच्या फाटकाशी..." मी झोपडीकडे बघितलं. "वहीत तिचं नाव मीच लिहिलं. घर नंबर चौदा."

वारा नव्हता. ओढ्याकडे पाणकोंबडी ओरडत होती.

दालिसोने टॅब बंद केला. मग म्हणाला, "मयतीला न्गोनी होता का कुणी?"

"नाही."

त्याने टॅब पिशवीत घातला. पिशवी झाडाला टांगली. मग तो खडकावर, जिथे चौकोन होता तिथे मधोमध जाऊन बसला, पाय पसरून, एवढा लठ्ठ माणूस. आणि मोठ्याने म्हणाला, मयताच्या घरी म्हणतात त्या आवाजात, "बघा रे बेम्बा लोक. राजे म्हणवतात. वही फवारून घेतली, बायको राहिली. मच्छरदाणीत पलंग झोपवला आणि बायकोला डासांना जेवायला वाढलं. आमचे उंदीरसुद्धा बिळात झोपताना बायकोला आत घेतात."

दीड वर्षात हे कुणी मला म्हटलं नव्हतं. कासुबा नाही, बायकोचे भाऊ नाहीत, पाद्री नाहीत. सगळे म्हणाले, देवाची इच्छा. मी रोज वाट बघत होतो की कुणीतरी म्हणेल. मी हसायला लागलो. हसता हसता खाली बसलो आणि मग ते हसणं राहिलं नाही. तो बघत होता, नजर न वळवता. ते त्याचं काम होतं.

मी तोंड पुसलं. म्हणालो, "ऊठ आता. खडक तापलाय, भाजशील."

"न्गोनी खड्ड्यातून फुकट उठत नाही."

"काय देऊ? माझ्याकडे काही नाही."

"झोपड्या दे," दालिसो म्हणाला. "किती आहेत, कुठे आहेत, कोण झोपतं. सगळ्या. त्याशिवाय उठत नाही."

मी एक एक सांगत गेलो. मुसुकुच्या झाडामागे बानाम्विला, दोन मुलं. ओढ्यापलीकडे म्हाताऱ्या मुशिली बहिणी. वाळवीच्या वारुळाशी चर्चचे गाणारे, तिघे भाऊ. त्याने बसल्या बसल्या पिशवी मागून घेतली आणि टॅबवर प्रत्येक जागी चौकोन काढला, बोटाने. सूर्य बराच खाली आला. एक्केचाळीस झाले.

मग तो उठला. मागच्या बाजूने पँट झटकली. म्हणाला, "हा पहिला पुसावा लागेल. ते घर नाही."

"पुस," मी म्हणालो. "झोपडी तिथे आहे." आणि झाडाखाली बोट दाखवलं.

गावात येऊन सिस्टर न्गांडवेंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. वह्या काढून आम्ही दोन दिवस बसलो. मी आठवत गेलो आणि त्या लाल पेनने खुणा करत गेल्या. हा शेतात होता. ही शेतात होती. हे मूल शेतात. मला सगळे आठवत होते, तीच तर वाईट गोष्ट होती. मार्चचं एक पान असं निघालं की त्यावर लाल खूण नसलेलं एकच नाव राहिलं.

"तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"हो सिस्टर."

"मी तुमची वही सगळ्यांना दाखवत होते, बाशीकासुबा. इतरांना म्हणायचे, असं लिहा."

"हो सिस्टर."

"हे वर कळवावं लागेल."

"कळवा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मीही कधी विचारलं नाही, कुठे झोपता म्हणून. माझीही शेती आहे." पण माझी कामाची निळी पिशवी त्यांनी ठेवून घेतली, त्यातल्या पट्ट्या आणि गोळ्या मोजून. दवाखान्याची सायकलही. चौकशी होईपर्यंत. मी चालत घरी आलो. हात मोकळे वाटत होते.

फवारणीची माणसं आली ती बुधवारी. गवताच्या झोपड्या बघून त्यांचा म्होरक्या कुरकुरला. "हे काय फवारायचं? उद्या पावसात वाहून जाईल." दालिसो म्हणाला, "आतून फवार. माणूस आत झोपतो, बाहेर पाऊस झोपतो." मी वाट दाखवायला गेलो होतो, पिशवीशिवाय. कासुबाने नवी झोपडी बांधायला घेतली होती, जुनीच्याच जागी. मी छपराला गवत दिलं. बिजागर काढून नव्या दाराला लावलं. मग घरी जाऊन पलंगावरची मच्छरदाणी सोडली. तिचे चार कोपरे घडीवर पिवळे पडले होते. झोपडीत ती मोठी झाली, दुमडून टांगावी लागली. चिसेंगा आत जाऊन बसली आणि म्हणाली, "शिकुलु, मी मासा."

पावसाळा गेला. जिल्ह्याच्या साहेबांनी चौकशी केली. माझ्या जागी दुसरी एक बाई नेमली, चांगली आहे, शाळा शिकलेली. तिच्या नव्या वहीत एक रकाना जास्त आहे. काल रात्री कुठे झोपलात? मार्चमध्ये तिच्याकडे तापाची माणसं आली, पण तिला दर दोन दिवसांनी पट्ट्या मागवाव्या लागल्या नाहीत. मला तेवढंच कळतं, आकडे आता माझ्याकडे येत नाहीत.

एप्रिलमध्ये दालिसोचा फोन आला. आधी माकडांची चौकशी केली, मी उंदरांची केली. मग म्हणाला, "तुझ्या बायकोने आमचं दोन महिन्यांचं काम वाढवलं."

"काय झालं?"

"तो चौकोन मी यंत्राला परत दाखवला. सांगितलं, हे घर नाही, हा कसावा. मग शोधायला लागलो तर उत्तरेत सगळीकडे असे चौकोन. खडकावर, वारुळावर, छपरांवर. शेकडो. सगळ्यांना ते पत्र्याची घरं समजत होतं. आता त्याला कळतं. आता कसावा दिसला की ते आजूबाजूला झोपडी शोधतं. मी सांगितलं नव्हतं तसं. कसाव्याजवळ माणूस असतो, हे त्याचं ते शिकलं."

मी फोन कानाला धरून उभा होतो.

"ऐकतोयस ना, बेम्बा?"

"ऐकतोय."

"पहिला तिचा. एक नंबरचं चित्र. बाकी सगळे तिच्यानंतरचे."

बानाकासुबा तिसरीपर्यंत शिकली होती. लुसाका तिने बघितलं नव्हतं. मला हे कुणाला सांगता येईना. कासुबाला सांगितलं, ती म्हणाली, बरं टाता, आणि नाचणी पाखडत राहिली. पण पाखडताना एकदा थांबून तिने वर आभाळाकडे बघितलं.

एकोणीस एप्रिलला आभाळ स्वच्छ होतं. चार दिवस आधी मी कसावा ओढ्याच्या खड्ड्यात भिजत घातला होता. सोलताना हात चिकट झाले. पुरुषाला हे काम येत नाही, तुकडे लहानमोठे झाले. वाटेवरून बानाम्विला जात होती. ती थांबली, तोंडाला हात लावला आणि पुढे गेली.

"टाता, द्या, मी पसरते," कासुबा म्हणाली.

"नको."

मी कुदळीचा दांडा घेतला आणि कडा सरळ केल्या. एक बाजू पुन्हा पुन्हा वाकडी जात होती. उभं राहायला पट्टी सोडली. उजव्या हाताच्या कोपऱ्यावर टोपली ठेवली. मग झाडाच्या सावलीत जाऊन बसलो, जिथे वरून दिसत नाही.